एका बैठकीत ऐकलेला अख्खा अल्बम: कोल्हापूर पट्ट्यातल्या रॉकवाल्यांनो, या

साइड_बी

गाणी नकोत, अल्बम सांगा. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मध्ये न उठता ऐकलेला. तो बँड पुढं प्रत्यक्ष ऐकायला मिळाला असेल तर कुठं, कुणाबरोबर, कसे गेलात तेही येऊ द्या. आवडत्या दहा गाण्यांच्या याद्या हव्या तेवढ्या सापडतात. मला कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी, निपाणी, बेळगाव या पट्ट्यातल्या माणसांनी हे संगीत कसं ऐकलं ते वाचायचंय.

हे संगीत आपल्या गावाला परकं आहे असं मला कधीच वाटलं नाही. १८८३ पासूनचा गाण्याचा देवल क्लब इथला. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ इथं राहून शिकवत होते. एक राग तासभर उलगडताना ऐकायची सवय ज्या गावात मुरलेली आहे, त्या गावाला रेकॉर्डची वीस-बावीस मिनिटांची एक साइड जड का जावी? १९७० च्या आगंमागं निघालेले चांगले रॉक अल्बम बैठकीसारखेच बांधलेले आहेत. कुठं संथ चालायचं, कुठं चढायचं, कुठं ऐकणाऱ्याला दम खाऊ द्यायचा, सगळं ठरवून केलेलं. त्यातलं एकच गाणं उचलून ऐकणं म्हणजे विलंबित चुकवून नुसती द्रुत बंदिश ऐकून उठणं.

माझा अल्बम पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', मार्च १९७३. हा साधारण ४३ मिनिटांचा, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर नेमका मावतो. दुसऱ्या बाजूवर १९७५ चा 'विश यू वेअर हिअर', तोही ४४ मिनिटांचा. माझ्या ओळखीत ज्याच्याकडे फ्लॉइड होतं त्याच्याकडे हीच जोडी होती, एकाच्या कॅसेटवरून दुसऱ्यानं उतरवलेली, प्रत्येक उतरवणीत थोडी जास्त खरखर घेऊन.

घरी तबला होता, त्यामुळं 'डार्क साइड'मधलं 'मनी' पहिल्यांदा लागलं तेव्हा बोटं आपोआप मोजायला लागली. सात. गल्ल्याचा खणखणाट, नाण्यांचा आवाज, कागद फाटल्याचा आवाज असे टेपचे तुकडे कापून, चिकटवून त्याचा ठेका केलाय आणि तो सात मात्रांत फिरतो. आपल्या रूपकाएवढा. सॅक्सोफोन त्याच सातात वाजतो, पण डेव्हिड गिल्मोरची गिटार सुरू होते तिथं सगळे चारच्या ठेक्यावर येतात आणि एकदम मोकळं मैदान मिळाल्यासारखं वाटतं. गिटार संपली की परत सात. हा बदल कळल्यावर मी ते गाणं कधी साधं म्हणून ऐकू शकलो नाही.

त्याच्या आधीच्या गाण्यात क्लेअर टोरी या गायिकेनं शब्दांशिवाय केलेला आलाप आहे. तिला त्या रात्रीचे ३० पौंड मिळाले होते. पुढं तिनं दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून रिचर्ड राइटच्या जोडीला तिचं नाव येतं. तिला ते मिळालं याचा मला फार आनंद आहे, कारण त्या गाण्यातलं जे आपल्याला रडवतं ते तिचं आहे.

रॉजर वॉटर्स १८ फेब्रुवारी २००७ ला मुंबईत आला, वांद्रे-कुर्ला संकुलात. आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो. उत्तरार्धात त्यानं हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, क्रम न बदलता. 'टाइम'च्या आधीची घड्याळं सुरू झाली तेव्हा माझ्या पुढं उभे असलेले पन्नाशीचे गृहस्थ हात जोडून उभे होते. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही.

आता तुमचं सांगा.

ओतकाम_शिरोली

ब्लॅक सॅबथ. पहिला अल्बम, फेब्रुवारी १९७०. दुसरं नाव माझ्या तोंडात येतच नाही.

आमची फाउंड्री. वडिलांपासूनची. साच्यात रस ओतायचा, गार झाला की ठोकून काढायचा, घासायचा. दिवसभर कानात लोखंड. मित्रानं हा अल्बम लावला तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे की ही माणसं कारखान्यातलीच असणार. निघाली पण तशीच. बर्मिंगहॅमची, अ‍ॅस्टन भागातली. आपल्या उद्यमनगरासारखं लोखंडाच्या कामावर जगणारं गाव ते.

टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७. कामाचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तो. कारखान्यातल्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, ज्याचा हात आगीत भाजल्यामुळं तो दोनच बोटांनी तारा दाबायचा. आयोमीनं मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं. हलक्या तारा लावल्या. पुढं १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'पर्यंत तारा आणखी ढिल्या करून सूर खाली उतरवला, आणि तो जड, दाट आवाज जगभरच्या मेटलचा पाया झाला. प्रेसवर बोट गेलेली माणसं आमच्याकडं घराघरात आहेत. त्यातला एक जण उठून असं काही करतो हे मला कुठल्याही पराक्रमापेक्षा मोठं वाटतं.

हा अख्खा अल्बम त्यांनी जवळजवळ एका दिवसात रेकॉर्ड केला. सुरुवातीला पाऊस, लांबची घंटा, मग तीन सूर. बास. तेवढ्यावर माणूस गार.

त्यांना प्रत्यक्ष ऐकायचा योग आला नाही. ५ जुलै २०२५ ला व्हिला पार्क स्टेडियमवर, म्हणजे त्यांच्याच गल्लीत, चौघं शेवटचे एकत्र वाजवले. गायक ऑझी बसून गायला. २२ जुलैला गेला. त्या दिवशी दुपारपाळी सुटल्यावर शेडमध्ये स्पीकर लावून आम्ही पूर्ण अल्बम ऐकला. पोरांनी विचारलं कोण गेलं, मी सांगितलं, आपल्यातला एक गेला.

मिरजेचा_तानपुरा

@ओतकाम_शिरोली, ते तीन सूर म्हणजे षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. घरी तानपुऱ्यावर लावून पाहा. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही, आधार देणारं काहीच नाही, आणि त्या तीव्र मध्यमावर आयोमी सूर थरथरवत ठेवतो. आपल्याकडं तीव्र मध्यम संध्याकाळच्या रागांत हुरहूर लावतो, पण तिथं पंचमावर किंवा गंधारावर यायची वाट असते. इथं ती वाट बंद केलीय. भीती तिथून येते.

आमच्या गावच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वाद्यांबद्दल बरंच बोललं गेलं. मला वाटतं, तानपुऱ्याच्या गावात वाढलेल्या माणसाला रॉकचा एक गुण लगेच कळतो: गिटारची एक तार खर्जात धरून ठेवणं. १९६५ च्या 'रबर सोल'मध्ये जॉर्ज हॅरिसननं सतार वाजवली हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन आपल्या वादकांकडून ध्वनिमुद्रण करून गेला, त्यात तरुण शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया होते, हे फार कमी जणांना माहीत असतं.

@साइड_बी, तुमच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या धाग्यात एक गाठ मारतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यान सोडलं, त्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड पाठवली. तिच्यावर खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि त्याच रेकॉर्डवर चक बेरीचा रॉक अँड रोल आहे. सूर्यमालेच्या बाहेर हे दोघं शेजारी बसून निघालेत.

खासबाग_मैदान

लेड झेपेलिन. आणि ते पण ड्रमसाठी.

मी हलगीवाला. मैदानात कुस्ती लागली की हलगी-घुमकं कसं अंगात शिरतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पैलवानाचं पाऊल बघून हात चालवायचा असतो. जॉन बोनम ऐकलो तेव्हा कळलं, हा पण कुणाचं तरी पाऊल बघून वाजवतोय. पेजच्या गिटारचं.

१९७१ चा चौथा अल्बम, ज्याच्यावर बँडनं नावसुद्धा घातलं नाही. शेवटच्या गाण्यात ड्रम एवढा मोठा का येतो म्हणून मी लई दिवस डोकं लावलो होतो. हेडली ग्रेंज नावाचं जुनं मोठं घर, त्याच्या जिन्याखालच्या दालनात ड्रम मांडला आणि मायक्रोफोन वर जिन्यातनं खाली सोडले. बाकी आवाज घराचा. देवळाच्या मंडपात हलगी वाजवली की जे होतंय तेच. मशीन काय करणार त्याच्यापुढं.

आणि १९७५ च्या 'फिजिकल ग्राफिटी'त 'कश्मीर' ऐका. ड्रम चारात चाललाय, गिटार आणि व्हायोलिनं तिनात. दोघं आपापल्या वाटेनं जाऊन बाराव्या मात्रेनंतर समेवर भेटतात. बोनम तिकडं ढुंकून बघत नाही, सरळ चार धरून ठेवतो. हे धरून ठेवणं सगळ्यात अवघड आहे. हात शिवशिवतात, वाटतं आपण पण तिनात जावं. जायचं नसतं.

गाणं कश्मीरबद्दल नाही, गायक प्लांटला ते मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर सुचलं. पण पेज आणि प्लांट १९७२ ला मुंबईत आले होते, आणि आपल्या वादकांना घेऊन स्वतःची दोन गाणी नव्यानं वाजवून रेकॉर्ड करून गेले. ती टेप २०१५ ला अधिकृतपणे बाहेर आली. त्यात आपल्या माणसांचा तबला आणि सारंगी झेपेलिनच्या गाण्यावर आहे. सापडली तर ऐकाच.

बोनम १९८० ला गेला आणि बँडनं दुकान बंद केलं. दुसरा ड्रमर घेऊन पुढं गेले नाहीत. मला ते बरोबर वाटलं.

साइड_बी

@खासबाग_मैदान, तिनाविरुद्ध चार धरून ठेवण्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी लगेच उठून गाणं लावलं. आजवर मी त्यातली व्हायोलिनं ऐकत होतो, आज पहिल्यांदा फक्त बोनमचा पाय ऐकला.

आठवी_गल्ली

मी राजारामपुरीतली. आमच्या घरात अल्बम ऐकायचा म्हणजे बाबांच्या टू-इन-वनवर, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर. बाबा बँकेत होते, इंग्रजी गाणी ऐकणारे आमच्या गल्लीत तेच एक. त्यांच्याकडं यू-टूची 'द जोशुआ ट्री' होती, १९८७ ची, विकत आणलेली, खोक्यातल्या कागदावर सगळी गाणी छापलेली. तो कागद उलगडून मी त्यातनं इंग्रजी शिकलो म्हटलं तरी चालेल. पहिलं गाणं सुरू होताना लांबनं ऑर्गन येतो, मग एजची गिटार, आणि बोनो तोंड उघडेपर्यंत दोन मिनिटं जवळजवळ होत आलेली असतात. बाबा तेवढा वेळ कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

१५ डिसेंबर २०१९ ला यू-टू नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमला आले आणि त्या दौऱ्यात हाच अल्बम पूर्ण वाजवत होते. मी बाबांना घेऊन गेलो. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं, गुडघे दुखतात, आई नको म्हणत होती. बाबा गाडीत बसले ते पनवेलपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. स्टेडियमात ते ऑर्गन सुरू झालं आणि बाबा खुर्चीवरनं उठले. सगळ्या गाण्यांना उभे राहिले. मागच्या पोरांनी त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणून दिली, 'काका, बसा थोडं' म्हणाले, बाबा बसले नाहीत. दुसऱ्या बाजूची गाणी फार कमी लोकांना पाठ होती, बाबांना सगळी पाठ.

ए. आर. रहमान पण स्टेजवर आले होते. ते पण छान झालं. पण मी त्या रात्री स्टेजपेक्षा बाबांकडंच जास्त बघितलो.

घाटमाथा_निपाणी

आमच्या भागाला मुंबईपेक्षा बेंगळुरूचा रस्ता जवळचा वाटतो. हायवे दारातून जातो. रात्री धारवाड, हुबळी, पहाटे तुमकूर. या एका रस्त्यानं आम्हाला सगळं दाखवलं.

१७ मार्च २००७, पॅलेस ग्राउंड्स, आयर्न मेडन. भारतातला त्यांचा पहिलाच कार्यक्रम. तोपर्यंत परदेशी बँड भारतात यायचे ते बहुतेक उतरत्या काळात. मेडन आले ते नव्या अल्बमच्या दौऱ्यावर, पूर्ण ताकदीनं. देशभरातून काळे टीशर्ट आले होते. ईशान्येतली पोरं दोन-दोन दिवस रेल्वेत बसून आली होती. त्यांच्याशी धड हिंदीत बोलता येत नव्हतं, पण 'फिअर ऑफ द डार्क'ची सुरुवातीची धून सगळ्यांनी मिळून गायली. शब्द नाहीत त्या धुनेला, नुसता 'ओ ओ'. हजारो माणसं गिटारचे सूर गळ्यानं गात होती. पायाखालची जमीन हलते असं लोक लिहितात, मी ती हलताना अनुभवलीय.

आधी दिल्लीचे परिक्रमा वाजवले. भारतीय बँड एवढ्या मोठ्या स्टेजवर अजिबात न दबता वाजवताना पाहून फार अभिमान वाटला. त्याच वर्षी ते इंग्लंडला डाउनलोड महोत्सवात वाजवून आले.

मग त्याच मैदानावर ३० ऑक्टोबर २०११, मेटॅलिका. दोन दिवस आधीचा दिल्लीकडचा कार्यक्रम रद्द झालेला, त्यामुळं तिकडची पोरं मिळेल त्या गाडीनं बेंगळुरूला आली होती. आमच्या शेजारी गुडगावहून आलेले दोघं उभे होते. 'मास्टर ऑफ पपेट्स' सुरू झालं तेव्हा त्यातला एक ओरडत नव्हता, नुसता उभा होता. नंतर म्हणाला, मला वाटलं होतं हे आता होणारच नाही.

अल्बम सांगायचा तर १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स'च. क्लिफ बर्टन त्यानंतर काही महिन्यांत स्वीडनमध्ये बस उलटून गेला. आठ गाणी, एकही कमी करता येत नाही.

सुटं_गाणं

धाग्याच्या सूत्राला माझा विरोध आहे, तो मांडतो.

अख्खा अल्बम ऐकायला कॅसेट हवी, डेक हवा, दुपारची मोकळी खोली हवी, आणि घरात इंग्रजी गाण्याला नाक न मुरडणारी माणसं हवीत. आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण. माझ्या वाट्याला सुटी गाणी आली. कुणाच्या तरी मिक्स कॅसेटवरचं, केबलवर लागलेलं, सलूनमध्ये वाजणारं. 'हॉटेल कॅलिफोर्निया' मी कित्येक वर्षं अर्धवटच ऐकलं होतं, कारण ज्या कॅसेटवर ते होतं तिची बाजू शेवटच्या गिटारच्या मध्यात संपायची. डॉन फेल्डर आणि जो वॉल्श, दोघं आळीपाळीनं वाजवत वाजवत शेवटी एकत्र येतात, आणि नेमकं एकत्र यायच्या आधी माझी टेप संपायची. म्हणून त्या गाण्यावरचं माझं प्रेम कमी होत नाही. उलट पूर्ण शेवट पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर जो काटा आला, तो पूर्ण अल्बम हातात असणाऱ्याला आला असेल का, मला शंका आहे.

गाणं एकटं असलं तरी त्याला स्वतःचा जीव असतो. चक बेरी, एल्व्हिस, सुरुवातीचे बीटल्स, सगळे छोट्या रेकॉर्डवरच्या सुट्या गाण्यांवर उभे राहिले. अल्बम नंतर आला.

साइड_बी

@सुटं_गाणं, इतिहास तुमच्या बाजूनं आहे आणि तुम्ही लिहिलंय ते खरंय. माझा आग्रह तरी सोडत नाही. छोट्या रेकॉर्डच्या तीन मिनिटांत न मावणारं काहीतरी सांगायचं होतं म्हणून १९६५-६६ नंतर या लोकांनी पूर्ण साइड वापरायला घेतली. १९६९ च्या 'अ‍ॅबी रोड'ची दुसरी बाजू घ्या. अर्धवट राहिलेली छोटी छोटी गाणी एकात एक ओवलीत, त्यातलं कुठलंही बाहेर काढलं तर गळून पडतं, आणि एकत्र ऐकलं तर बँड निरोप घेताना ऐकू येतो. जेथ्रो टलचा १९७२ चा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' तर दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं आहे, आणि वेष्टन म्हणजे खरोखरचं वाचता येणारं वर्तमानपत्र. हे तुकड्यात ऐकायचं तरी कसं?

लेथवाला

क्वीन. १९७५, 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'.

फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला हे सगळे सांगतात. सेंट पीटर्स शाळा, तिथंच पोरांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड, हा पियानोवर. तेव्हाचं नाव फारुख बलसारा. ते आहेच. पण मला सांगायचंय ते ब्रायन मेच्या गिटारबद्दल, कारण ती आमच्या धंद्यातली गोष्ट आहे.

त्याला दुकानातली गिटार परवडत नव्हती. १९६३ मध्ये त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरातच करायला घेतली. गळ्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, त्याला किड्यांनी पाडलेली भोकं बुजवून घेतलेली. तारा ढिल्या-ताठ करायच्या दांड्याला पोलादाची सुरीसारखी धार, त्यावर सगळं तोललेलं, म्हणजे घर्षण नाही आणि सूर हलत नाही. आणि ताराच्या ओढीला तोलायला स्प्रिंगा लावल्या त्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. व्हॉल्व्ह स्प्रिंग. आमच्या टेबलाच्या खणात किती पडलेल्या असतात. तीच गिटार घेऊन माणूस पन्नास वर्षं जगभर वाजवत फिरला आणि ती पिकऐवजी सहा पेन्सच्या नाण्यानं वाजवतो.

ऑइल इंजिनांच्या गावात हे ऐकून कुणाची छाती भरून येणार नाही? मापं घेऊन, घासून, परत लावून, बाप आणि पोरगा दोघांनी मिळून केलेलं काम आहे ते. 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'तली गिटार सुरू झाली की मला ती मोटारसायकलची स्प्रिंग दिसते.

नवा_कान

नमस्कार सगळ्यांना. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहतो, मूळचा गडहिंग्लजकडचा. फोनवर ऐकतो, इअरफोन लावून. आत्तापर्यंत मला जे पुढं येईल तेच ऐकत आलोय. इथलं वाचून पूर्ण अल्बम ऐकावासा वाटतोय. खोलीत आम्ही चौघं आहोत, एक बऱ्यापैकी ब्लूटूथ स्पीकर आहे. सुरुवात कुठून करू? काका, दादा, ताई, कुणीही सांगा. पण एकच सांगा, दहा नावं दिलीत तर मी परत सुटी गाणीच ऐकत बसेन.

ओतकाम_शिरोली

सॅबथ. आजच. दिवा घालवून.

मिरजेचा_तानपुरा

बाळा, डायर स्ट्रेट्सचा 'लव्ह ओव्हर गोल्ड', १९८२. पाचच गाणी. पहिलं चौदा मिनिटांचं, एका रस्त्याची गोष्ट: एक माणूस येऊन घर बांधतो, मग गाव होतं, कारखाने येतात, मग बंद पडतात. मार्क नॉफ्लर पिक न घेता बोटांनी तार छेडतो, त्यामुळं सूर माणसाच्या बोलण्यासारखा येतो. २००५ मध्ये तो मुंबईत आला होता, तेव्हा मी ऐकलंय. इतक्या हळू वाजवणाऱ्यासाठी एवढा जमाव गप्प बसलेला मी शास्त्रीय मैफलीतही क्वचित पाहिला.

घाटमाथा_निपाणी

मिरजकर काकांचा मान राखून सांगतो, चौघं विशीतली पोरं आहेत, त्यांना पहिल्याच दिवशी चौदा मिनिटांचा रस्ता नको. डीप पर्पल, 'मशीन हेड', १९७२. सात गाणी, जेमतेम ३८ मिनिटं.

भावा, त्याच्यामागची गोष्ट समजून घेऊन ऐक. हे लोक स्वित्झर्लंडला माँत्रोमध्ये तळ्याकाठच्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करणार होते. ४ डिसेंबर १९७१ ला तिथं फ्रँक झॅपाचा कार्यक्रम सुरू असताना प्रेक्षकातल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि कॅसिनो जळून खाक झाला. तळ्यावर धूर पसरलेला यांनी हॉटेलातनं बघितला. मग दुसऱ्या जागी गेले, तिथं आवाजाची तक्रार झाली. शेवटी थंडीसाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या लावून वाजवले. रेकॉर्डिंगची यंत्रं बाहेर उभ्या ट्रकमध्ये, तो ट्रक रोलिंग स्टोन्सचा. वाजवलेलं ऐकायचं तर खोल्या, गॅलऱ्या ओलांडून बाहेर जायला लागायचं. कंटाळून त्यांनी ऐकायला जाणंच बंद केलं, चांगलं वाजलं असं वाटलं की पुढं. म्हणून त्या अल्बममध्ये एवढी धार आहे.

खासबाग_मैदान

पर्पल बरोबर आहे, पण मग 'मेड इन जपान' का नको? तीच माणसं, त्याच वर्षी, १५ ते १७ ऑगस्ट १९७२, ओसाका आणि टोकियो. प्रत्यक्ष कार्यक्रमातलं. 'चाइल्ड इन टाइम'मध्ये गायक गिलन आवाज कुठंपर्यंत नेतो ते बघा. मूळ गाण्याच्या चौपटीहून लांब केलेलं एक गाणं तर अख्खी चौथी बाजू खातं. समोर माणसं बसलेली असली की वादकाचा हात वेगळा चालतो. स्टुडिओत ते येत नाही.

सुटं_गाणं

@नवा_कान, यांच्या भांडणात पडू नकोस. घाटमाथा म्हणतात ते लाव. सुट्या गाण्याच्या बाजूचा असलो तरी त्या अल्बमला मी पण हात लावत नाही, पूर्णच ऐकतो.

नवा_कान

काल रात्री 'मशीन हेड' लावला. आग लागल्याची गोष्ट आधी पोरांना सांगितली. एक जण रील बघत बसला होता, त्यानं तिसऱ्या गाण्याला फोन ठेवला. सहाव्या गाण्यात ऑर्गनची लांब सुरुवात आहे, तिथं शेजारच्या खोलीतले दोघं दारात येऊन उभे राहिले, मग आतच बसले. संपल्यावर दुसऱ्यांदा लावा म्हणाले. ऑर्गन कोण वाजवतं? गिटारवर चालून जाणारा ऑर्गन मी याआधी ऐकलेला नाही.

मिरजेचा_तानपुरा

जॉन लॉर्ड. शास्त्रीय पियानो शिकलेला माणूस. हॅमंड ऑर्गन त्यानं गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढला, म्हणून तो असा खरखरीत, दांडगा लागतो. १९६९ मध्ये त्यानं रॉक बँड आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी तीन भागांची एक मोठी रचना लिहिली आणि लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती सादर झाली. पुढच्या रात्री ती लावा, म्हणजे ऑर्गन कुठून आला ते कळेल. आणि त्याच्या पुढच्या रात्री नॉफ्लर. मी आग्रह सोडलेला नाही.

खासबाग_मैदान

आणि नॉफ्लरच्या आधी 'मेड इन जपान'. दारातल्या त्या दोघांना पण बोलव, आणि तुझ्या स्पीकरला खर्ज पुरत नसेल तर सांग, माझ्याकडं जुने लाकडी खोक्याचे स्पीकर पडून आहेत, घेऊन जा.